वेंकोबारावांची सोवळ्यातली सुरी

वेंकोबाराव आयुष्यात कुणाशी भांडले असतील तर सुरणाशी. माणसाशी भांडायची त्यांच्यात धमकच नव्हती. मी तोंडाळ, सांगलीकडची. तोंडावर म्हणायचे, "अहो वेंकोबाराव, जरा मोठ्यानं बोला, इथं कुणी खात नाही तुम्हाला." ते मान खाली घालून हसायचे. असा माणूस पोलीस कोठडीत बसला, कोर्टाच्या व्हरांड्यात झिजला, आणि कशापायी? तर भाजी चिरायच्या सुरीपायी.

ते तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. आपलं मराठी ऐकून ते म्हणत, "तुमचं बोलणं लई बेगीन पळतें, अर्चनाबाई." आवडी नावाच्या उपनगरात दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको हेमलताबाई. धंदा एकच, श्राद्धाचा सोवळ्यातला स्वयंपाक. माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या नोकरीमुळे आम्ही वेलचेरीला आलो आणि इथेच माझे सासरे काशिनाथराव गेले. तेव्हापासून दर तिथीला वेंकोबारावच आमचे आचारी. मला स्वतःला सोवळं-ओवळं काडीचं पटत नाही. पण सासूबाईंपुढे कोण बोलणार? घरात शांतता हवी तर काही गोष्टी गिळाव्या लागतात.

तर ही सुरी. यजमानाच्या घरची सुरी कांदा-लसूण चिरलेली, ती पितरांच्या स्वयंपाकाला चालत नाही. म्हणून वेंकोबाराव स्वतःची आणायचे, चांगली लांबरुंद पात्याची, सुरण फोडणारी. आणि येताना तिला कुणाचा हात लागला, धक्का लागला की ती बाटली. पिशवीत ठेवावी तर पिशवी गाडीत लोकांच्या पायाशी. लोकरीला विटाळ नाही म्हणतात, म्हणून ते ती धाबळीच्या तुकड्यात गुंडाळायचे, वर सुतळीची गाठ, आणि सदऱ्याच्या आत पोटाशी बांधायचे. एकदा आवडी स्टेशनवर एका पोलिसाने बघितलं होतं. तो म्हणाला होता, "अय्या, उघडी नेऊ नका, लोक घाबरतात. झाकून न्या." झालं! धर्मही सांगतो झाक, पोलीसही सांगतो झाक. वेंकोबारावांना वाटलं, आपलं अस्कं, म्हणजे सगळं, नियमात बसलं.

एरवी ते आवडीहून लोकलने येत आणि पुढे वेलचेरीची गाडी धरत. त्या गाड्यांत कोण कुणाला तपासतो? पण त्या तिथीला वेलचेरीच्या गाड्या कामासाठी बंद होत्या. ते सेंट्रलला मेट्रोकडे वळले. त्याच आठवड्यात शहरात कोयत्याचा एक भयंकर प्रकार झाला होता, सगळे धास्तावलेले. तपासणीच्या दारातून जाताना यंत्र वाजलं. गार्डने सदरा वर करायला लावला, तर पोटाशी ही भली मोठी सुरी!

इकडे घरी ब्राह्मण येऊन बसलेले, चूल थंड, आणि फोन आला पोलीस ठाण्यातून. मंदारला विधी सोडून उठता येईना. मी तशीच निघाले.

ठाण्यात इन्स्पेक्टर फूटपट्टीने सुरी मोजत होता. मुठीसकट मोजली तर एक माप, नुसतं पातं मोजलं तर दुसरं. नेमकं काय मोजायचं यावर त्यांच्यातच वाद. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, हे आमचे आचारी, घरी श्राद्ध आहे, माणसं उपाशी आहेत. वेंकोबारावांकडे बघून कुणाला गुंड वाटावा असं काही नव्हतंच. इन्स्पेक्टर कंटाळला. म्हणाला, "जा अय्या. पुन्हा मेट्रोत आणू नका."

देवा, तेवढ्यावर सुटलो होतो आम्ही!

सुरी तेव्हा कदिरवन नावाच्या हवालदाराच्या हातात होती. तरुण, शांत चेहऱ्याचा. परत देता देता त्याने सहज विचारलं, "पण पोटाशी कशाला लपवलीत?"

काहीही सांगायचं हो! लागेल म्हणून, चोरीला जाईल म्हणून. वेंकोबारावांनी खरं ते सांगितलं. "कुणाचा हात लागूं नये म्हणून."

"कुणाचा?"

 वेंकोबारावांनी सुरीवरच्या त्याच्या बोटांकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि मान खाली घातली. त्या खोलीत प्रत्येकाला ते कळलं. मला सगळ्यात उशिरा.

कदिरवनने सुरी टेबलावर ठेवली. इन्स्पेक्टरला म्हणाला, "सर, गुन्हा नोंदवा. शस्त्र अंगावर लपवून नेलं."

मी त्याच्यावर ओरडले. तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अम्मा, माझ्या आजोबांना चहा करवंटीत ओतायचे, वरून. कप बाटेल म्हणून. तुम्ही मला ओरडू नका."  त्याचा राग खोटा नव्हता, आणि वेंकोबारावांच्या मनात पाप नव्हतं हेही खोटं नव्हतं. दोन्हींच्या मधे माझं डोकं फिरून गेलं.

ती रात्र त्यांनी कोठडीत काढली. आमचं श्राद्ध शेजारच्या उडुपी हॉटेलातल्या डब्यावर उरकलं आणि सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढे वकील रत्नाकर, तेही तंजावरकडचे. त्यांना मी विचारलं, कायदा आहे तरी काय? ते म्हणाले, "नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असलं तर लायसन्स लागतं. पण घरकामाचं किंवा शेतीचं असलं तर नाही. आणि लायसन्सही सरकारने तो भाग जाहीर केला असेल तरच. मेट्रोचा नियम निराळा, रेल्वेचा निराळा, विमानाचा आणखी निराळा." मी म्हटलं, "म्हणजे आवडीला आचारी आणि सेंट्रलला दरोडेखोर?" ते म्हणाले, "तसंच म्हणा." मंदारच्या किल्ल्यांच्या जुडग्यात बोटभर चाकू आहे. तो एका विमानतळावर काढून घेतला होता, दुसऱ्यावर कुणी विचारलंसुद्धा नाही. ते हसण्यावारी गेलं. गरिबाचं हसण्यावारी जात नाही.

खटला लांबत गेला. तारखांमागून तारखा. आणि ज्यांच्या तीन-तीन पिढ्यांची श्राद्धं वेंकोबारावांनी रांधली, त्या घरांनी बोलावणं बंद केलं. कोठडीतलं अन्न खाल्लेला आचारी कुणाला नको. ज्या सोवळ्यासाठी ते पकडले गेले, त्याच सोवळ्याने त्यांना दाराबाहेर उभं केलं. मला इतका संताप यायचा! हेमलताबाई वेलचेरीतल्या एका बिल्डिंगमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. वेंकोबाराव घरी बसून असायचे. "मे कोणाचं काय केलों?" एवढंच विचारायचे.

शेवटी साक्षी झाल्या. मी सांगितलं की त्यांना स्वयंपाकालाच बोलावलं होतं. मग कदिरवन उभा राहिला. मला वाटलं, आता संपलं. पण तो सरळ म्हणाला, "सुरी गुंडाळलेली होती, वर गाठ होती. यांनी ती कुणावर उगारली नाही. हे आचारी आहेत." रत्नाकर वकिलांनासुद्धा तेवढी आशा नव्हती. वेंकोबाराव सुटले.

सुरी परत मिळाली ती कदिरवनच्याच हातून. बाहेर व्हरांड्यात त्याने सुरीचं सीलबंद पाकीट फाडलं आणि मूठ पुढे करून सुरी धरली. पातं स्वतःकडे, मूठ म्हाताऱ्याकडे. हसला नव्हता, पण चेहरा मऊ होता. वेंकोबारावांनी हात पुढे केला. आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "खालीं ठेवा, अय्या."

मेले मी!  कदिरवनने वाकून सुरी फरशीवर ठेवली आणि वळून चालू लागला. मी मागून ओरडले, "सुरी हातोहात दिली की भांडण होतं, म्हणून म्हणाले ते!" त्याने मागे बघितलं नाही. आणि ते खरंही नव्हतं.

वेंकोबाराव पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. "कोर्टांत त्याने मला वाचवलं, बाई, आणि मे काय बोललों! जीभ झडो माझी."

पुढच्या तिथीला मी त्यांनाच बोलावलं. सासूबाईंना म्हटलं, कोठडीत गेले असतील, पण हात तेच आहेत. फोनवर हेमलताबाई आल्या. म्हणाल्या, "ते येणार नाहींत. म्हणतात, तो पोलीस माझ्या हातचं जेवायला आला, तर त्याच्यासाठी रांधीन. नाहीं तर कोणासाठीच नाहीं."

मग मी ठाण्यात गेले. कदिरवनला सगळं सांगितलं. म्हातारा रडतो आहे, रांधायचं सोडून बसला आहे, तुम्ही आलात तर उठेल, माझ्या घरी या, मी बोलावते आहे. त्याने नीट ऐकून घेतलं.  मग म्हणाला, "येईन, अम्मा. श्राद्धाच्या दिवशी येईन. माझं पान कुठे मांडाल? आत, की बाहेर?"

'आत' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मला सासूबाई आठवल्या. त्याने थोडा वेळ माझी वाट पाहिली, मग समोरची फाइल ओढून घेतली.