वर हातभर जागा

जमिनीवर काडीचाही विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. तीस वर्षं हे मामा चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत होते. कोळसा काढणारे वेगळे. मामांचं काम कोळसा काढून झाल्यावर सुरू व्हायचं. खाली पोकळी राहिली तर वरचं गाव खचतं, म्हणून नळातून पाण्याबरोबर वाळू सोडून ती पोकळी छतापर्यंत भरायची. निवृत्त होऊन ते सोलापुरात आले, पण खाण काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. कुणाकडे गेले की आधी काठीने फरशी ठोकायची, मगच टेकायचं. एका लग्नात तर त्यांनी ऐन अक्षता पडताना व्याह्यांना चार पावलं बाजूला सरकवलं होतं, कारण पायाखालचा आवाज त्यांना पटला नव्हता. दिवाळीला करंजी कानाशी धरून हलवायचे आणि सारण खुळखुळलं की ती ताटात परत ठेवायचे. "हिच्यात भरन कमी हाय की," म्हणायचे. बायको तोंडाला पदर लावून हसायची; मला मात्र संताप यायचा.

दुष्काळाच्या वर्षी एकदा ते चहाला आले आणि माझ्या आईच्या खाटेशेजारी काठी आपटून थबकले. "जावईबापू, हितं पोकळ हाय." मी सांगितलं की तिथे जुनं धान्याचं पेव होतं, पण वडिलांनीच ते मुरूम टाकून बुजवून घेतलं होतं. "भरलं म्हन्लं की भरलं व्हय?" एवढंच बोलून ते गेले आणि दुसऱ्या दिवशी पहार घेऊन आले. फरशी निघाली. खालचा मुरूम दबून बसला होता आणि वर चांगली हातभर जागा रिकामी होती. त्या जागेवर आई इतकी वर्षं झोपत होती.

मामांनी वाळू मागवली, इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांना पाणीही हवं होतं. नळाला पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं, आणि हे गृहस्थ घागरी पेवात ओतणार! मी चिडून म्हणालो, "मामा, माणसांना प्यायला पाणी नाही. कोरडीच टाका."

"कोरडी वाळू नुसती दिसाया भरती. पानी पडलं की मग खरी बसती," ते म्हणाले, आणि स्वतःच्या आंघोळीचं पाणी बादलीने आणू लागले. आंघोळीशिवाय लिंगपूजा न करणारा हा माणूस आठ दिवस ओल्या पंच्याने अंग पुसून पूजेला बसला.

शेवटच्या दिवशी वाळू हाताने दाबता दाबता ते आपणहून बोलले. "खानीत बी एकदा असंच पानी कमी पडलं हुतं. वर हातभर जागा ऱ्हायली. मी सायबाला सांगितलं, भरलं. पुढं वरची जमीन खचली. एक घर गेलं."

"आणि माणसं?"

"म्हातारी एकटीच ऱ्हायची. तुमच्या आईएवढी असंल."

मला त्या करंज्या आठवल्या आणि माझीच मला लाज वाटली. पेव काठोकाठ भरलं तेव्हा आई म्हणाली, "भरलं की हो." मामांनी तो शब्द उच्चारला नाही. काठी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुमी ठोकून बघा."

दोन वर्षांनी मामा गेले. आमच्यात, लिंगायतांमध्ये, माणसाला बसवून माती देतात. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, मग फावडी चालली. मी मध्ये मध्ये घागरीने पाणी ओतत होतो. पाहुण्यांना वाटलं, दुःखाने याचं डोकं फिरलं. विधी सांगणारे स्वामी म्हणाले, "झालं की आता." मी ऐकलं नाही. तरी महिन्याभराने गेलो तर माती वीतभर खाली बसलेली. खोटं कशाला बोलू, तिथेच रडलो. मग चार पाट्या माती टाकली, पाणी ओतलं, आणि आठ दिवसांनी त्यांचीच काठी घेऊन पुन्हा गेलो. हलकेच ठोकून पाहिलं. चारही बाजूंनी आवाज भरीव आला. जवळपास कुणी नव्हतं.

"मामा," मी म्हणालो, "भरलं."