नुसत्या पाण्याचे फोटो

"मोबाइल असताना कॅमेरा कशाला, साहेब?" असं क्रांती चौकातल्या दुकानदारानं विचारलं आणि मी त्याला भाषणच ऐकवलं. होडीत एक हात काठाला धरलेला असतो, ओल्या बोटांना मोबाइल दाद देत नाही, आणि माझा आधीचा मोबाइल जायकवाडीच्या पाण्यात गेला तो गेलाच. माझा जीव लांबलचक लेन्सच्या कॅमेऱ्यात अडकला होता. पण अण्णांनी, माझ्या वडिलांनी, खिशात मावणारा एक छोटा कॅमेरा उचलला. ठळक बटणांचा, पाण्यात न बिघडणारा. मनगटाच्या पट्ट्याला नारिंगी फोम, म्हणजे पडलाच तर तरंगेल.

"ह्योच घे," अण्णा म्हणाले. "आक्कासाठी फोटो काढायचेत, लग्नाचे नाय."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. पुंडलिकनगरला आमच्याकडेच असायची. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, आणि आता गुडघ्यांमुळं होडीत चढणंही जमत नव्हतं. "नुसती घराची जागा दाखव रे एकदा," एवढंच तिचं अण्णांकडे मागणं होतं.

हिवाळ्यातल्या एका सकाळी ओळखीच्या मासेमाराच्या होडीतून आम्ही निघालो. काय सुरेख सकाळ होती ती! दूरची टेकडी आणि काठावरचा वड एका रेषेत धरून अण्णा वाट सांगत होते. "ही शाळेची गल्ली. आता डावीकडं घे." मला चहूकडे पाणीच दिसत होतं. एका ठिकाणी त्यांनी होडी थांबवली, चपला काढल्या आणि मलाही काढायला लावल्या.

"घरात चपला घालून येतं का कुणी?"

मला हसू आलं, पण मी काढल्या. "इथं चूल. इथं आक्काचा झोका," असं ते बोट दाखवत गेले आणि मी बटण दाबत गेलो. पंचाहत्तरीचा माणूस त्या वेळी दहा वर्षांचा झाला होता. परतताना चक्रवाकांचा थवा उठला, तेव्हा मात्र मी मनापासून फोटो काढले.

फोटोंच्या बाबतीत मी भारी शिस्तीचा. घरी आल्याआल्या वाकडे, हललेले, नुसत्या पाण्याचे फोटो निवडून पुसून टाकले आणि उरलेले टीव्हीवर लावले. आत्या चष्मा पुसून समोर बसली. पक्षी झाले, होडी झाली, हसणारे अण्णा झाले.

"लई ग्वाड आलेत," ती म्हणाली. "आता आपलं घर दाखव."

नुसतं पाणी म्हणून मी पुसलेले, ते घराचेच फोटो होते. मी अण्णांकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं.

"आक्का, मला जागाच सापडली नाय," ते म्हणाले. "खुणा इसरलो मी."

 आत्यानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे रे. किती वर्षं झाली. कशा राहतील ध्यानात?"

अण्णांनी मान खाली घालून ते समजावणं ऐकून घेतलं. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत.

पुन्हा जाऊ, पुन्हा काढू, म्हणता म्हणता उन्हाळा आला आणि आत्या गेली. खरं काय ते तिला सांगायची हिंमत मला झाली नाही. आपला भाऊ घर विसरला, असंच समजून ती गेली.