बेहड्याच्या ढोलीतली ती

मोहन गेल्याचा फोन शैलावहिनींनी केला तेव्हा मी दाढी करत होतो. "भाऊजी, हे गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या घरामागे कुठलासा पक्षी ओरडत होता, तो मला फोनमधून ऐकू येत होता. कुठला, हे ज्याला विचारायचं तोच गेला होता.

आठवड्याभराने त्याच्या कारखान्यातल्या मंडळींनी शोकसभा घेतली. व्यासपीठामागे भला मोठा फ्लेक्स, त्यावर मोहनचा पासपोर्ट फोटो ताणून मोठा केलेला आणि शेजारी त्याचा आवडता धनेश. तो धनेश नव्हताच. केशरी चोचीचा, सात समुद्रांपलीकडचा टूकन होता, टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभेल असा. एका वक्त्याने "आज एक पक्षी अनंताकडे झेपावला" असं सांगितलं. मोहन असता तर माझ्या कानाशी येऊन म्हणाला असता, "कुठल्या झाडावरून, ते विचार."

खरा धनेश एवढा झगमगीत नसतो. आपल्याकडचा राखी धनेश घारीएवढा, धुऊन धुऊन विटलेल्या सफारी सूटच्या रंगाचा. वाकडी चोच, तिच्यावर छोटंसं शिंग, लांब शेपटीच्या टोकाला पांढरा काठ. डोळ्यांवर पापणीचे केस असतात, त्यामुळे तो नेहमी आत्ताच दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा दिसतो. उडतो तेही चार वेळा पंख मारून मग तरंगत, पुन्हा चार वेळा मारून तरंगत, जणू मध्येच डुलकी लागते आहे. मोहन सातपूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. सहा दिवस सरळ रेषा मारायचा आणि सातव्या दिवशी, नव्वदच्या दशकातल्या त्या खिळखिळ्या स्कूटरवर मला मागे बसवून, सुरगाण्याच्या बाजूला ह्या वाकड्या चोचीमागे जायचा.

तिथे काशिनाथ आणि यमुना ह्या नवरा-बायकोच्या घरामागे बेहड्याचं झाड होतं, आणि बेहड्याला ढोली. उन्हाळा लागला की धनेशाची मादी अंडी घालायला त्या ढोलीत शिरायची आणि स्वतःची विष्ठा, माती, फळांचा गर असलं काहीबाही थापून आतून दार लिंपून टाकायची. राहायची ती एक फट, चोच बाहेर येईल एवढी. आत तिची उडायची पिसं गळून जातात आणि हळूहळू नवी येतात. त्या काळात तिचं सगळं जगणं नरावर. तो घशात उंबरं साठवून आणतो, आधी खोडावर चोचीने टकटक करतो, मग एकेक उंबर वर काढून फटीत देतो. आम्ही तासन्‌तास अंगणातल्या बाजेवर पडून हे पाहायचो. ऊन पानांतून गळत असायचं, कुठे तरी कोंबडी कुरकुरायची, आणि टकटक ऐकू आली की मी जागा होतो की झोपेत, हे कळायचं नाही... मोहनने एकदा विचारलं, "तिला आत काय वाटत असेल रे?" मी म्हटलं, "नवरा वेळेवर जेवण आणतो. बहुतेक स्वप्न आहे, असं वाटत असेल."

एका वर्षी आम्ही गेलो तर यमुना अंगणातच उभी होती. "दादा, तो कालधरनं आला नाय." दुपारी ओढ्याकाठी राखाडी पिसं विखुरलेली सापडली. मोहन बेहड्याखाली गेला. फटीतून चोचीचं टोक दिसत होतं, उघडं. काशिनाथ म्हणाला, "फोडू का दार?" मोहन म्हणाला, "नको. पंख नाहीत तिला. बाहेर आली तर कावळे नाही तर कुत्रं." मग काशिनाथने लांब बांबूचं टोक चिरून त्यात उंबर अडकवलं. ढोली फार उंच नव्हती, बांबू पोचायचा. पण ती चोच मिटून आत सरकली. दुपार कलली तरी मिटलेलीच. शेवटी मोहनने उंबर काढून रिकाम्या बांबूनेच खोडावर हलकेच टकटक केली... आणि चोच बाहेर आली.

त्याने नाशिकला परतायला नकार दिला. मी त्याच्या रजेचा अर्ज घेऊन आलो. तो तिथे राहिला, उंबरं गोळा करत, मान वर करून टकटक करत. यमुना चेष्टा करायची, "वहिनींना सांगू का, तुमच्या मालकांनी दुसरं घर केलंय?" रजा संपल्यावर त्याने बांबू काशिनाथच्या हाती दिला. पुढे दर रविवारी जात राहिला. आणि एका रविवारी आम्ही पोचलो तर ढोलीचं दार फुटलेलं, आत कोणी नाही. यमुना हसत पुढे आली. "उडाली, दादा! भुर्रकन! सरळ त्या डोंगराकडं!" मोहनने दोघांना हात जोडले. परत येताना चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "इतके दिवस कोंडलेली मादी भुर्रकन उडत नाही."

"मग?"

"काही नाही. चांगली माणसं आहेत."

ती मेली आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ह्यांनी तिला उडवली, हे त्याच्या मनात बसलं ते बसलंच. तिकडे जात राहिला, पण पुन्हा कधी विचारलं नाही. शेवटच्या आजारात मला म्हणाला, "ती वाचली असती तर बरं झालं असतं, नाही?"

गेल्या पंधरवड्यात मी जीप बदलत तिकडे गेलो, त्यांना बातमी सांगायला. यमुना पदर तोंडाशी धरून रडली. जरा वेळाने मी म्हटलं, "आता तरी खरं सांगा. ती उडाली होती का?"

यमुनाने नवऱ्याकडे पाहिलं. "उडाली कसली? पडली! भाताच्या रोपांसाठी राब भाजला होता ना, त्या राखेत. सगळी काळी. मग कोंबडीवानी चालत निघाली तं कुत्रं धावलं. यांनी तिच्यावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं."

"यमुनाला लय चावली," काशिनाथ म्हणाला.

"दुसऱ्या दिवशी डालगं उचललं, तं कुडावर चढली, कुडावरनं आंब्यावर. दुपारी गेली ओढ्याकडं, मधीच खाली येत, मधीच वर. पिल्लं काय राहिली नाय."

"मोहनला असंच का नाही सांगितलं?"

"अवो, माणूस एवढा लांबून येतो, हात दुखंस्तोवर खायला घालतो. त्याला सांगायचं का, तुझं पाखरू राखेत लोळलं? बरं दिसतं का ते?"

राखेत पडली म्हटलं असतं, तर त्याने डोळे मिटून विश्वास ठेवला असता...

नाशिकला आल्यावर तडक वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या टक लावून ऐकत होत्या. "कोंबडीसारखी?" त्यांनी विचारलं, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. मग उठून त्यांनी मोहनच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन बसल्या.

"पहिल्यापासून सांगा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्याने."