कासव पिवळं पडलं तेव्हा

बैलबंडीतला मूठभर कापूस उचलायचा, शेडबाहेर उन्हात यायचं, बोटांनी धागा ओढून पाहायचा आणि म्हणायचं, "सावलीत सगळाच कापूस गोरा दिसते." मारेगावच्या खरेदी केंद्रावर आमचे ग्रेडरसाहेब दिवसभर हेच करीत. मी काट्यावर बाबू होतो. त्यांनी दर्जा सांगितला की भाव ठरे. त्या वर्षांत कापसाचा बाजार असा बसला होता, की दर्जा एक पायरी उतरला तरी बंडीवाल्याचा चेहरा पडायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामात चोख, आणि काम सुटलं की कुठे जावं ते न कळणारी. साहेबांची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. बाजारामागच्या दोन खोल्यांत ते आणि बायकोनं पाळलेलं एक कासव राहत. कासवाचं नाव ठकूबाई. काळं कवच, त्यावर सायीच्या रंगाच्या चांदणीसारख्या रेघा. संध्याकाळी कुलूप काढताना साहेब आत आवाज देत, "ठकूबाई, आलो बरं." मी मागे असलो तर थोडे ओशाळत.

एका हिवाळ्यात त्यांना वेगळीच काळजी लागली. "ठकूबाईच्या रेघा पिवळ्या पडून राह्यल्या, बाबू. कासवाले कावीळ होते का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी तिचं पिवळं कोहळं बंद केलं, कोथिंबीर सुरू केली, ओल्या फडक्यानं कवच पुसून पाहिलं. शेवटी पिशवीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कवचावर टिचकी मारली आणि सांगितलं, "कवच टणक आहे, रंगही ठीक आहे. पण हा प्राणी घरी ठेवायला बंदी आहे." शेवटचं वाक्य साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्याच दिवसांत एक म्हातारी शेतकरीण बंडी घेऊन आली. साहेबांनी तिचा कापूस खालच्या दर्जात टाकला.

"कायले जी? पयल्या वेचणीचा हाय. दूध हाय दूध."

"पिवळा आहे, मावशी."

"नीट पाहा ना."

साहेबांनी पुन्हा उन्हात नेऊन पाहिला आणि तेच सांगितलं. ते कुणाचा चहासुद्धा घेत नसत, त्यामुळे त्यांच्या शब्दावर कुणी संशय घेत नसे. मावशीनं बैल पुढे हाकले.

पुढच्या रविवारी साहेबांनी मला घरी बोलावलं. ठकूबाई अंगणात उन्हात होती. "खरं सांगा, किती पिवळी झाली?"

मी वाकून पाहिलं. "साहेब, रेघा होत्या तशाच आहेत."

त्यांनी देवापुढचा वातीचा कापूस आणून कवचावर ठेवला. "दोन्हीचा रंग सारखाच दिसते ना?"

"नाही. कापूस पांढराशुभ्र आहे."

त्यांनी कापूस उचलून पुन्हा कवचावर ठेवून पाहिला. मग माझ्याकडे वळले. "तुमचा शर्ट?"

"पांढरा."

ते पायरीवर बसले. घरात दुसरं माणूस असतं, तर ही गोष्ट त्यांना कितीतरी आधी कळली असती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अन् त्या मावशीचा कापूस?"

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांकडे गेले. "माझे डोळे बिघडले, दुसरा माणूस बोलवा." मोठे साहेब म्हणाले, "गुपचूप रजा टाका, ऑपरेशन करून या. कारण सांगता कायले?" पण आमच्या साहेबांनी रांगेतल्या प्रत्येक बंडीपाशी जाऊन सांगितलं. कुणी शिवी दिली, कुणी मान फिरवली. एकदोघं हसले.

मग माझ्या लुनावर बसून ते मावशीच्या गावी आले. मावशी ओट्यावर तूर पाखडत होती. साहेबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"आता सांगून काय होते, साहेब? कापूस तं गेला," ती म्हणाली. सूप पुन्हा हलू लागलं. मग थांबलं. "डोळ्याचा इलाज करा. घरी कोन हाय तुमच्या?"

"कासव आहे."

मावशी हसली नाही. तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितलं. तो चहा साहेबांनी घेतला.

यवतमाळला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी ठकूबाईला उचलून दारात नेलं. "होती तशीच आहे," ते म्हणाले. मला वाटलं, आता खूश होतील. पण ते खोलीभर नजर फिरवत राहिले. "भिंती किती काळवंडल्या हो. कोणी सांगितलंच नाही."

केंद्रावर ते परत आले नाहीत. लवकर निवृत्ती घेऊन महागावला भावाकडे जायचं ठरलं. ठकूबाईला त्यांनी वनखात्याच्या माणसांच्या हवाली केलं, हे मला नंतर समजलं. कधी निघणार, ते त्यांनी सांगितलंच नव्हतं.

मी भेटायला गेलो तेव्हा ते निघून गेले होते आणि घरमालक खोल्यांना चुना मारून घेत होता. चुना लावणारा खाली वाकून भिंतीवरून बोट फिरवत होता. चारही भिंतींना, जमिनीपासून चार बोटं उंचीवर, एक काळसर गुळगुळीत पट्टा गेला होता.

"हे काय जी, ओल हाय का?" त्यानं विचारलं.

"नाही. इथून कासव चालायचं."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, कुंचला चुन्यात बुडवला आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली.