आईची पांढरी चादर

काल जुनी पेटी उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. त्या वासासरशी मी चाळीस वर्षं मागे, सौंसरच्या कॉलेजात, स्टेजवर आडवा झालो.

माझं पहिलं वर्ष होतं. गॅदरिंगचं नाटक हिंदीत आणि माझी हिंदी मराठीच्या वळणाची, म्हणून मला मुडद्याचं काम दिलं होतं. पांघरायला मोहगावच्या घरून, याच पेटीतली, आईची पांढरी चादर आणली होती. नाकावर माशी बसली तरी मी अर्धा तास हललो नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

स्टेजमागे धाकटे काका उभे होते. नाटक संपेपर्यंत ते थांबले होते, हे मला नंतर कळलं.

"तुयी माय चादर मागून राहिली," ते म्हणाले. "चाल."

"एका चादरीसाठी आले तुम्ही?"

त्यांनी चादरीची घडी करून माझ्या हातात दिली. तिकडे दोस्त फोटो काढून राहिले होते आणि मी चादर मांडीवर घेऊन बसमध्ये फुगून बसलो. काकांनी शेंगदाणे घेऊन दिले, ते मी सगळे खाल्ले.

अंगणात माणसं जमली होती. बाबा सकाळीच गेले होते. आईने माझ्या हातून चादर घेतली, माझ्या तोंडाची पावडर झटकली आणि ती चादर बाबांच्या अंगावर डोक्यापर्यंत ओढली.

मला रडू आलं नाही. चादरीवर, नाकाच्या जागी, एक माशी येऊन बसली. बाबा हलले नाहीत. चांगलं जमलंय त्यांना, एवढंच माझ्या मनात आलं.