सार्जंट गेलने बाद केलेला दोर

अम्ब्रोज गेल या माणसाने दोन वर्षं माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला, तेवढा जर्मनांनीही दिला नसेल. थॉर्नकोटच्या विमानतळावर मी लॉरी चालवायचे आणि हा सार्जंट शेजारी बसून सांगायचा, "हळू, पोरी, मागे दोर आहेत." दोर! जशी काही अंडी भरली होती मागे.

आमचा गट हवाई दलाचाच, पण बॉम्ब टाकणारे आम्हाला हमाल म्हणायचे. छत्रीवाले सैनिक शत्रूच्या मुलखात सोडायचे आणि बिनइंजिनाची लाकडी ग्लायडरं विमानामागे बांधून न्यायची, हे आमचं काम. सुरुवातीला दुसऱ्यांनी नाकारलेली विमानं आमच्या गळ्यात आली, आणि ग्लायडरं अगदी मोजकी. तेवढ्यावर गट उभा राहिला, नॉर्मंडीला जाऊन आला. प्रत्येक ग्लायडरचा जीव एका दोरावर. मनगटाएवढा जाड, तीनशे फूट लांब, आत टेलिफोनची तार गुंफलेली. सरावात ग्लायडर सुटलं की विमान तो दोर धावपट्टीच्या कडेला टाकायचं. कडेला म्हणे! पडायचा कुणाच्या कोबीत, कुणाच्या डुकरांत, एकदा तर पाद्र्याच्या बायकोने वाळत घातलेल्या चादरींवर. त्या बाईची बोलणी मी खाल्ली. गेल तिच्या कुंपणाशी उकिडवा बसून दोर तपासत होता.

तो ब्रिडपोर्टचा, दोर वळणाऱ्यांच्या गावचा. बाप दोर वळायचा, आजाही तेच करायचा. दोराचे पेड लोखंडी टोच्याने उघडून हा आतले धागे बघायचा, हुंगायचासुद्धा. मनाला आलं नाही की लाल चिठ्ठी बांधायची आणि दोर बाद. वैमानिक वैतागून म्हणायचे, "गेल, एकदाचं दोराशी लग्न कर!" तो म्हणायचा, "केलंय, असं माझी बायको म्हणते." आणि पुढचा दोर उचलायचा.

शेतकऱ्यांनी तर आमच्या नाकी नऊ आणले होते. एवढा झकास दोर आभाळातून परसात पडल्यावर कोण लगेच परत करतो? आठवड्याने आणून द्यायचे, वर साळसूदपणे म्हणायचे, "सांभाळून ठेवला होता हो." मी बापडी आभार मानायचे.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरातल्या एका रविवारी गट हॉलंडला निघाला. धावपट्टीवर विमानं आणि ग्लायडरं ओळीने उभी, दोर अंथरलेले, सगळं गाव तारेच्या कुंपणापलीकडे जमलेलं. त्यात टोबी हेक्स्ट हा शेतकरी, सणाचे कपडे घालून.

"सार्जंट!" तो ओरडला. "तो शेवटचा ना, निळ्या सुतळीची खूण असलेला? लाख मोलाचा दोर! माझ्या ओकच्या झाडाचा बुंधा त्याने उपटला. दोन दिवस दोन घोडे ओढत होते, पण दोर हूं की चूं करेल तर शपथ!"

बिचारा कौतुक करत होता. गेलचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधी?"

"गेल्या महिन्यात. का हो? पडला होता तिथेच आणून ठेवला की!"

गेल धावत गेला, गुडघे टेकून दोर उघडू लागला. मी मागून गेले. मला काहीच दिसेना. त्याला एका जागी चारदोन धागे दिसले, फिकट, ताणलेले. त्याने लाल चिठ्ठी बांधली.

ग्लायडरचा वैमानिक होता प्रेवेट, बावीस वर्षांचा पोरगा. तो खाली उडी मारून आला. "दुसरा दोर द्या."

"नाहीये. होते नव्हते ते सगळे लागले."

"मग हाच चालेल. अहो, चार धाग्यांसाठी माझ्या सव्वीस माणसांना मागे ठेवणार? सगळी पलटण पुढे आणि आम्ही इथे माशा मारत बसू?"

"खाली समुद्र आहे, बाळा."

"समुद्र मला माहीत आहे! तुम्हाला दोराखेरीज काही माहीत आहे का?"

खरं सांगते, मी प्रेवेटच्या बाजूची होते. मनात म्हटलं, सोड की मेल्या, एक दिवस तरी सोड! वरचा अधिकारी आला, घड्याळ बघून चरफडला, पण गेलची सही नाही म्हणजे उड्डाण नाही. बाकीचे गेले. संध्याकाळी दुसऱ्या तळावरून दोर आला.

प्रेवेट सोमवारी त्या नव्या दोरावर निघाला. रविवारी गेलेले बहुतेक सुखरूप उतरले होते. सोमवारी जर्मन तोफा लावून बसले होते. त्याला ओढून नेणारं विमान परत आलं. त्यातल्या वैमानिकांनी सांगितलं, सुटल्यावर ग्लायडर पेटलं, जमिनीपर्यंत पोचलंच नाही.

दोन दिवसांनी गेल मला म्हणाला, "ट्रॅक्टर आण." बाद केलेला तो दोर त्याने विमानं बांधायच्या लोखंडी कडीत अडकवला, दुसरं टोक माझ्या ट्रॅक्टरला. "ओढ."

मी ओढलं. दोर ताठ झाला, चाकं जागेवर फिरून चिखल उडवू लागली. मी दात खाऊन मनातल्या मनात म्हणत होते, तूट, तूट ना रे मेल्या, या माणसासाठी तूट! तो तुटला नाही.

"पुन्हा," गेल म्हणाला. मी ट्रॅक्टर मागे घेऊन झटका दिला. पुन्हा दिला. सहा वेळा दिला. शेवटी ट्रॅक्टरचा आकडा वाकला.

मी खाली उतरले. "हवेतला झटका निराळा असतो, सार्जंट. वर काय झालं असतं, कुणी सांगावं?"

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "आणि ते सव्वीस जण? त्यांच्या घरच्यांना काय सांगू? सांगता येत नाही, असं?"

मला त्याचा राग आला, हेक्स्टचा आला, त्या दोराचा तर इतका आला की मी त्याला लाथ घातली. पाय मात्र माझाच दुखला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सराव होता. गेल एकेक दोर बघत चालला आणि चौथ्यापाशी थांबला. टोच्या खुपसला, वाकून बघितलं, बराच वेळ बघत राहिला. मग खिशातून चिठ्ठी काढली.

माझा धीर सुटला. "अहो, आता तरी पुरे करा! तो मागचा नव्हता ना तुटला?"

"नव्हता तुटला," गेल म्हणाला आणि चिठ्ठी बांधायला वाकला. आयुष्यभर गाठी मारलेला तो माणूस, पण गाठ दोनदा त्याच्या बोटांतून निसटली. मी शेजारी बसले आणि मारली.