बारवेच्या शेवटच्या पायरीवरचे आप्पा

आमच्या वडिलांनी, आप्पांनी, त्या रोगाचं नाव जन्मात घेतलं नाही. नारू म्हटलं की तो ऐकतो आणि मांसात आणखी आत शिरतो, असं ते मानत. "वर आलाय का त्यो?" एवढंच विचारायचे. तेरच्या अलीकडे, तेरणेच्या काठावरच्या आमच्या गावात उन्हाळा लागला की घरटी एक माणूस लंगडायचा. पायावर फोड उठायचा, आग व्हायची, आणि फोडातून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकं काढायचा. हातभर लांब, कधी त्याहून जास्त. तो काढणं हे आप्पांचं काम. धंद्यानं आम्ही न्हावी. सकाळी दाढ्या व्हायच्या, आणि उन्हं चढली की आप्पा बारवेवर.

बारव म्हणजे गावाची पायऱ्यांची जुनी विहीर. सगळं गाव त्या पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात शिरून घागरी भरायचं. आप्पा रोग्याला शेवटच्या पायरीवर बसवायचे आणि दुखरा पाय पाण्यात सोडायला लावायचे. गार लागलं की जंत वर येतो. मग त्याचं डोकं तुरीच्या काडीला अलगद गुंडाळायचं, काडी फडक्यानं पायाला बांधायची, आणि रोज थोडा वेढा द्यायचा. कधी महिना लागे. "वढायचं न्हाय," आप्पा म्हणायचे. "आपुन वढतोय हे त्याला कळूच द्यायचं न्हाय." एखादा दांडगा गडी ओरडायला लागला की त्याला म्हणायचे, "घरात बायकूम्होरं लई डरकाळ्या फोडतोस म्हनं. हितं का मांजर झालं तुजं?" माणूस हसायचा, पाय सैल पडायचा, आणि तेवढ्यात काडीला एक वेढा जास्त बसायचा.

जंत तुटला तर आतला भाग कुजतो, पाय सुजून काळा पडतो. आप्पांच्या हातून एकदाच तुटला, दगडूचा. दगडू तेव्हा तालमीत जाणारा होता, पुढं काठी घेऊन चालू लागला. त्याची दाढी आप्पा सगळ्यांच्या आधी करायचे, पण करताना चुकूनही त्याच्या पायाकडे बघायचे नाहीत.

मी आपल्या भाषेच्या राज्यासाठी पत्रकं लिहून हात बसवलेला माणूस. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, मुंबई राज्य झालं, महाराष्ट्र झाला, चावडीवर दिवे लागले, भाषणं झाली, आणि आमचं गाव तसंच लंगडत राहिलं. याची मला चीड होती आणि आजही आहे. उस्मानाबादेतल्या एका डॉक्टरांनी मला सगळं उलगडून सांगितलं. फोडाचा पाय पाण्यात बुडाला की जंत पाण्यात पिल्लं सोडतो. पाण्यातले बारीक किडे ती पिल्लं गिळतात. ते पाणी माणूस पितो, आणि वर्षभरानं त्याच्याच पायाला फोड येतो. मी लगेच वही काढून पत्रकाचा मजकूर लिहायला घेतला. एस.टी.त बसल्यावर मला शेवटची पायरी आठवली, आणि त्या पायरीवर बसलेले आप्पा आठवले.

तरी बारवेच्या पायऱ्या बुजवा म्हणून पत्रक काढलं. त्यात मी विचारलं होतं, ज्यांना आपण बारवेची पायरी कधी उतरू दिली नाही, ते नदीच्या वाळूत खड्डा करून झिरपलेलं झिऱ्याचं पाणी पितात. त्यांच्या वस्तीत लंगडा कोण आहे? मग विटाळ कुणाचा, गाववाल्यांनो? चावडीवर माझ्या अंगावर माणसं धावून आली. देवाच्या पाण्यात किडे कसले, पायऱ्या बुजवायच्या म्हणजे बारवेतल्या महादेवाची वाट बुजवायची, असं सगळे म्हणाले. घरी मी आप्पांनाही तोंडावर सांगितलं. ते वस्तऱ्याला धार लावत होते. म्हणाले, "तुज्या डाक्टरानं आपली बारव पायली का?" आणि धार लावत राहिले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पायरीवर होते.

वैशाखात माझ्या यमूच्या घोट्यावर फोड आला. सहा वर्षांची पोर, रात्रभर आगीनं किंचाळत होती. सकाळी बायकोनं तिला कडेवर घेतलं आणि इथल्या बायका जिकडं धावतात तिकडंच ती धावली, बारवेकडं. आप्पा दारात आडवे आले.

"तिकडं न्हाय," ते म्हणाले. "परात आन."

परातीत पाणी घालून त्यांनी यमूचा पाय बुडवला. माझं बोलणं त्यांना त्याच दिवशी पटलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पण तसं वागायचं तर आजवरचं सगळं कबूल करावं लागणार होतं, म्हणून ते पायरीवर जात राहिले होते. जंतानं डोकं काढलं, आणि ज्या माणसाचा हात मी जन्मात कधी हललेला पाहिला नव्हता, त्याच्या बोटांतून काडी खाली पडली.

"बापू, तू धर. ह्ये माज्याच्यानं व्हायचं न्हाय."

मी काडी उचलली, पण मलाही वेढा देववेना. दवाखान्यात विचारून आलो. तेही म्हणाले, हळूहळू गुंडाळा, तुटू देऊ नका, दुसरा उपाय नाही. म्हणजे उपाय आप्पाच. रोज पहिला वेढा देताना ते डोळे मिटून घ्यायचे. वेढा झाला की परात दोन्ही हातांनी उचलून, थेंब न सांडता, गावाबाहेरच्या तापलेल्या माळावर नेऊन ओतायचे. पाण्याची एवढी टंचाई, आणि हा म्हातारा पाणी फेकायला निघालाय म्हणून बायका टोमणे मारायच्या. ते मान वर करायचे नाहीत.

एका दुपारी यमू झोपेत कुशीवर वळली आणि काडी गोधडीच्या सुटलेल्या टाक्यात अडकली. जंत तारेसारखा ताणला गेला. आप्पांनी तिचा पाय जागच्या जागी धरला आणि आम्हाला नजरेनंच लांब थांबवलं. ती जागी झाली.

"यमे, हलू नको," ते हळूच म्हणाले. "आज्जाला तुज्या कोंबडीची गोष्ट सांग बरं."

ती कोंबडी, तिची पिल्लं, त्यांतलं एक शहाणं पिल्लू असं सांगत राहिली. आप्पा "व्हय का," "मग?" करत राहिले, आणि दुसऱ्या हातातल्या वस्तऱ्यानं गोधडीचा एक एक दोरा कापत गेले. काडी सुटली. जंत शाबूत होता. मग आप्पा गोधडी घेऊन घराच्या मागं गेले आणि तिचे सगळे सुटे टाके कापत बसले.

जंत पुरता निघाला त्या संध्याकाळी त्यांनी पटका बांधला आणि चावडीकडं निघाले. मी मागं धावलो, कारण ते काय बोलणार हे मला कळलं होतं आणि ते ऐकायला तिथं कोण बसलं असेल हेही. दगडू होताच, मांडीवर काठी घेऊन. आप्पा उभ्यानंच बोलले. "बापू सांगतोय ते खरं हाय. तुमचं पाय म्या पान्यात बुडिवलं. तुमास्नी ह्ये म्याच पाजलं. आता पायऱ्या बुजवा."

दगडू काठीवर जोर देऊन उठला आणि सरळ आप्पांसमोर आला. मला वाटलं, आता काठी पडणार. आप्पांनाही तसंच वाटलं असावं, पण ते बाजूला झाले नाहीत.

"माज्या पोराचाबी पाय गेल्या साली तुमीच बुडिवला व्हता," दगडू म्हणाला, आणि निघून गेला. पुन्हा आमच्या दारात दाढीला आला नाही.

माझ्या पत्रकानं जे झालं नाही ते त्या चार वाक्यांनी झालं. पावसाळ्याआधी पायऱ्या बंद झाल्या, कठडा बांधला, रहाट बसला. पण आप्पांची झोप उडाली ती उडालीच. पायऱ्या बंद होईपर्यंत यमूही तेच पाणी प्यायलेली. पोटात गेलेलं वर्षभर कळत नाही. रोज सकाळी ते तिला समोर बसवून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बोटं फिरवायचे, कातडीखाली दोरा लागतोय का बघायला. मी एकदा चिडून म्हणालो, "आप्पा, तुम्ही पोरीला घाबरवताय."

"तिला कुठं? ती हसतीया," ते म्हणाले. "उन्हाळ्यापतूर कळायचं न्हाय ना? मंग तवर कुनीतरी भ्यायला पायजे. म्या भितो. तू तुजं काम कर."

पौषात त्यांच्या छातीत कफ भरला आणि ते गेले. उन्हाळा त्यांना बघायला मिळाला नाही.

आता चैत्र लागलाय. शेजारच्या आळीत परवा एकाच्या पायाला फोड दिसला, जुन्याच पाण्याचा. पुढच्या गावच्या बारवेसाठी पत्रक लिहायचंय, ते अर्धंच पडलंय. सकाळी यमूला समोर बसवतो आणि तिच्या पायावरून बोटं फिरवतो. तिला गुदगुल्या होतात, ती खिदळते. मी तिला गप्प बस म्हणतो, आणि दुसरा पाय घेतो.